वसंतकाकांचा मॉर्निंग वॉक

आमच्या टेकडीचे किस्से आता पुरे, असं मी दर वेळी ठरवतो. मग कुणाच्या तरी घरी चहा होतो, कुणीतरी विचारतं, "काय रे, अजून उड्या मारतोस का?" आणि पुढचा दीड तास गेलाच समजा.

टेकडी स्की जंपिंगची, शिकागोपासून तासाभरावर. पायाला लांबलचक स्की बांधायच्या, उतारावरून सुसाट यायचं आणि कडेला आलं की हवेत झेपावायचं. उन्हाळ्यात बर्फ नसतो, म्हणून प्लास्टिकच्या चटयांवर पाणी मारून भागवतात. मी नागपूरचा. सीताबर्डीची टेकडी चढलो की आमची उंची संपते. तरी दोन वर्षं जातोय. बायको म्हणते, "या वयात लोक नवी गाडी घेतात. तू पाय मोडायला जातोस."

*

आम्ही तिघं मराठी. मी, पुण्याची स्नेहल आणि वसंतकाका. काका त्रेसष्ट वर्षांचे, हाडांचे रिटायर्ड डॉक्टर. घरी काकूंना सांगायचे, मॉर्निंग वॉकला जातो. क्लबच्या फॉर्मवर इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून त्यांनी माझा नंबर टाकला.

मी म्हटलं, "काका, काकूंचा टाका ना."

"अरे, तिला कळलं तर तीच इमर्जन्सी होईल!"

*

सप्टेंबरातला एक शनिवार सांगतो. काकांचा तो शेवटचा शनिवार होता. घर विकून दोघं पुढच्या आठवड्यात ॲरिझोनाला लेकीकडे कायमचे चालले होते. तिथे वाळवंटात कुठली आलीय स्कीची टेकडी?

आणि काकांची वीस मीटरची उडी राहिली होती. दहा मीटरच्या छोट्या टेकडीवरून ते शाळकरी पोरांबरोबर आरामात उडायचे. पण वीसवर तीनदा चढले आणि तीनदा स्की खांद्यावर टाकून जिन्याने खाली आले. त्या दिवशी माझ्या गाडीत म्हणाले, "आज नाही झालं तर जन्मभर टोचत राहील रे." हसत नव्हते.

*

तर सकाळी आधी सूट. हा सूट अंगाला घट्ट बसतो आणि काकांच्या पोटाला नियम माहीत नाहीत. मी मागून धरलं, स्नेहलनं चेन ओढली. चेन गळ्यापर्यंत आली तेव्हा काका हलूच शकत नव्हते.

म्हणाले, "तीस वर्षं लोकांना प्लास्टर घातलं. आज माझा नंबर."

*

मग स्नेहल. तिच्या टीमच्या नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज त्याच सकाळी. बाईसाहेबांनी आमच्या कोचला, म्हणजे डेव्हला, पत्ता न लागू देता हेल्मेटखाली इअरफोन लपवला आणि मीटिंग चालू ठेवून वर गेल्या. म्यूट करायचं राहिलं. तिकडे मॅनेजरनं विचारलं, "सगळं ठीक दिसतंय ना?" आणि नेमकी त्याच क्षणी हिनं उडी मारली.

"आई गंऽऽऽ!"

खाली उतरून फोन बघते तर टीमनं अख्खं रिलीज मागे घेतलेलं. मॅनेजरचा मेसेज होता, "बरं झालं, वेळेवर सांगितलंस."

*

शेवटी काका. वर एक आडवा बार असतो. त्यावर बसायचं, दोन्ही हातांनी तो घट्ट धरायचा. डेव्ह खालून हात वर धरतो. त्यानं हात खाली केला की आपण बार सोडायचा. सोडला की संपलं, मग थांबणं नाही.

काका बसले. मी मागे जिन्यावर उभा. डेव्हचा हात वर. तो ओरडला, "डॉक, खाली बघू नका, लांब बघा!"

काकांनी लांब बघितलं. लांब पार्किंग लॉट होता आणि त्यात त्यांचीच गाडी येऊन थांबली. सामान बांधायला आलेल्या लेकीनं आदल्या दिवशी काकूंच्या फोनवर काकांचं लोकेशन चालू करून दिलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. काकू शिकागोतल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर भाजी आणायला निघाल्या होत्या. नवऱ्याचा वॉक चाळीस मैलांवर चाललेला बघून इकडेच वळल्या.

त्या थेट टेकडीच्या पायथ्याशी आल्या. वर बघितलं आणि कमरेवर हात ठेवून ओरडल्या, "अहो! आधी खाली या!"

काका कावरेबावरे झाले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "अगं, एवढं एकदाच," असं पुटपुटले आणि काकूंना अजिजीनं हात जोडले.

दोन्ही हात!

डेव्हचा हात अजून वरच होता. काका त्याच्यासमोरून तसेच, हात जोडलेले, सूं करून गेले. कडेवरून उडाले. हवेत केव्हातरी हात सुटले, पंखांसारखे पसरले, आणि वीस मीटरच्या टेकडीवरून माणूस चक्क दोन पायांवर उतरला. चटई संपून गवतात जाऊन थांबला, काकूंपासून चार पावलांवर.

काकांचा श्वास चढला होता, चेहरा हसू की रडू असा झाला होता.

काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. मग पदरानं त्यांच्या तोंडावर उडालेलं पाणी पुसत म्हणाल्या, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा एका हाकेत ऐकलंत."