पाण्याचा मुकुट आणि पुंडलिकरावांचे डोळे

सानगडीत कौशल्याबाई कापगते कोण, असं विचारलं तर माणसं डोकं खाजवतील. सिस्टरबाई म्हणा, शेंबडं पोरही दारापर्यंत आणून सोडेल. चौतीस वर्षं त्यांनी दवाखान्यात नर्सची नोकरी केली. त्यांची सुई पडलेली नाही असा दंड गावात शोधावा लागेल. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी बाजारात वांगी निवडता निवडता त्या भाजीवाल्याच्या हाताची शीर न्याहाळतात आणि मनाशी म्हणतात, वा, ही एका टोचण्यात लागेल. सवय जात नाही.

त्यांचे यजमान पुंडलिकराव. चार एकर धानाची शेती, आवाज खणखणीत, तब्येत ठणठणीत. खोट एकच. फोटो काढताना त्यांचे डोळे मिटतात. लग्नाच्या फोटोत ते हार घालून उभ्याउभ्या झोपलेले दिसतात. आधार कार्डावर एक डोळा बंद आणि दुसरा त्याच वाटेवर. लेकीच्या, म्हणजे रुपाच्या लग्नाचा अल्बम आला तेव्हा व्याह्यांनी भर बैठकीत विचारलं, "कन्यादानाच्या टायमाले झोप लागली होती काय?" बैठक लोटपोट झाली. पुंडलिकरावही हसले, पण त्या दिवसापासून त्यांनी कॅमेऱ्याशी कट्टी केली. कोणी मोबाइल वर उचलला की हे उठून थेट गोठ्यात. याला अकरा वर्षं झाली.

कौशल्याबाईंना ही गोष्ट फार लागायची. का, ते त्यांनी नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. नोकरीत त्यांनी कितीतरी माणसांचे डोळे आपल्या हाताने मिटले होते, आणि मागाहून त्या घरची माणसं भिंतीवर लावायला एक धड फोटो मिळेना म्हणून कपाटं उलथीपालथी करताना पाहिली होती. आपल्या घरावर तशी वेळ आली तर आधार कार्डावरचा तो अर्धा डोळा मोठा करून लावावा लागेल, हे त्यांना स्वच्छ दिसायचं. उघड्या डोळ्यांचा एक फोटो. देवाकडे त्यांचं एवढंच मागणं होतं.

फाल्गुनातल्या एका सकाळी शेजारच्या रत्नाबाईंनी मोबाइलवर सुप्रभात पाठवलं. खाली कसलासा उपदेश आणि वर एक फोटो. दुधात थेंब पडला आहे आणि त्याचा गोल, टोकेदार मुकुट उभा राहिला आहे.

"पाहा जी," कौशल्याबाई म्हणाल्या, "थेंब पडला का असा मुकुट येते."

"हट्! कम्प्युटरचं काम होय ते," पुंडलिकराव म्हणाले. "साठ वर्षं झाली, धानाच्या बांधीत उभा राहून रोवणी करून राहिलो. लाखो थेंब पडले माह्यापुढं. एकाच्याही डोक्यावर मुकुट नाई पाह्यला."

"डोळे मिटून पाह्यलं असन."

हा घाव वर्मी बसला. पुंडलिकरावांनी कप दाणकन खाली ठेवला. "असं? मंग तू काढून दाखव असा फोटो. आपल्या घरी, आपल्या हातानं. दाखवला त मी तुया संगं फोटो काढून घेतो. डोळे उघडे ठेवून!"

कौशल्याबाईंनी लगेच हात पुढे केला. "शर्त?"

"शर्त."

झालं. आली लहर, केला कहर. त्याच दुपारी बाई मेडिकलमध्ये जाऊन सलाइनची नवी नळी घेऊन आल्या. "कोणाले लावून राहिले, सिस्टरबाई?" दुकानदाराने विचारलं. "पाण्याले," असं म्हणून त्या चालूही लागल्या. घरापुढच्या सपरीच्या, म्हणजे पडवीच्या, लाकडाला त्यांनी पाण्याची प्लास्टिकची बाटली उलटी टांगली. तिला नळी जोडली. नळीचं टोक चिकटपट्टीने खुर्चीच्या पाठीला बांधलं आणि खाली ताटलीत पाण्याने भरलेली वाटी ठेवली. नळीवरचं छोटं चाक फिरवलं की थेंब हवा तेवढा हळू, हवा तेवढा जलद. त्या चाकावर तर बाईंचा हात जन्माचा बसलेला. पुंडलिकरावांचं पंचांग वाचायचं भिंग त्यांनी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटवलं, मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवला आणि पुंडलिकरावांच्या डबड्या फोनवरून नागपूरला लेकीला गाठलं.

"आई, कॅमेऱ्यात 'प्रो' लिहिलं हाये, ते दाब," रुपा म्हणाली. "आता शटर चार हजारावर ने. म्हणजे एका सेकंदाचे चार हजार तुकडे, अन् त्यातला एकच फोटोत येते."

"बापा! एवढा बारीक डोस त मी तान्ह्या लेकरालेही नाई देल्ला."

"म्हणून ऊन भरपूर पायजे. अन् मधात कोणाचा फोन नको यायले, एअरप्लेन मोड लावून ठेव."

कौशल्याबाईंनी तो लावला, तो लावलाच. एकदा बोलणं झाल्यावर पुंडलिकरावांच्या फोनची बॅटरी संपली, आणि तिच्याकडे बघायला वेळ होता कोणाला!

पहिल्या दिवशी दोनशे फोटो निघाले. त्यातल्या बहुतेकांत नुसती वाटी. काहींत वाटी आणि बाईंचा अंगठा. एकात मांजर, आणि ते मात्र फार सुरेख आलं होतं. थेंब दिसला की बाई बटण दाबायच्या, तोवर थेंब पाण्यात मिसळून मोकळा. मधूनच वारा यायचा आणि थेंब वाटीबाहेर जायचा. "वाऱ्यानं घोळ केला," त्या म्हणाल्या.

"नाचता येत नाई त अंगण वाकडं," खाटेवरून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दवाखान्यात थेंबामागे डोळे पळवून कधी थेंब मोजले होते का? त्याची लय धरायची असते. त्यांनी डोळे मिटून घेतले. टप. टप. टप. थेंब पडल्यावर नाही, पडायच्या किंचित आधी. तीन-चार थेंबांतच बोट त्या तालावर आपोआप चालायला लागलं. डोळे उघडून बघतात तो काय, फोटोत पाण्यातून एक चकचकीत खांब वर आलेला आणि त्याच्या टोकावर काचेच्या गोटीसारखा गोळा! बाईंनी अशी आरोळी ठोकली की कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या.

पुंडलिकराव धावत आले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हा त खांब होय. शर्त मुकुटाची हाये."

पण गडी पाघळला होता. "वाटीवर उजेड कमी पडून राहिला तुया," असं पुटपुटत त्यांनी घरातली पितळी परात आणली आणि वाटीमागे गुडघे टेकून, परात कलती करून उन्हाची तिरीप बरोबर थेंबावर पाडली. ही मदत नव्हे, देखरेख आहे, असं त्यांचं म्हणणं. फोटोत आपण येऊ ही भीती त्यांना नव्हती, कारण थेंब स्वच्छ निघाला की मागचं सगळं धूसर व्हायचं. त्यानंतर दोन दिवस नवरा-बायकोने दुसरं काही केलं नाही. एकदा वरण करपलं, दोनदा दूध उतू गेलं आणि दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही. खांब आले, छत्र्या आल्या, पण मुकुट काही येईना.

चौथ्या दुपारी थकलेले पुंडलिकराव त्या बाटलीखालीच खाट ओढून आडवे झाले. बाई बाजूला मान खाली घालून मोबाइलमधले फोटो तपासत होत्या. तेवढ्यात रस्त्याने गल्लीतला केवळराम सायकलवरून चालला होता. त्याने कुंपणावरून पाहिलं. टांगलेली बाटली, लोंबती नळी, खाली पुंडलिकराव, डोळे मिटलेले. शेजारी सिस्टरबाई, मान खाली. बिचारा आतही आला नाही, उगाच त्रास कशाला.

बातमीला पाय असतात म्हणतात. सानगडीत तिला मोटरसायकल मिळते. दिवेलागणीपर्यंत पुंडलिकरावांना घरीच सलाइन लागलं होतं, जेवणवेळेपर्यंत नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि तेवढ्यात बातमी पार आंधळगावला बाईंच्या धाकट्या भावाकडे, मारोतरावांकडे पोचली. मारोतरावांनी बहिणीला बारा वेळा फोन लावला. लागला नाही. भाऊजींना लावला. तोही बंद. मग त्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं आणि पहाटेची बस धरली.

सकाळी रत्नाबाई डोळे पुसत आल्या. हातात डबा. "भाताची पेज आणली, वं. गरम गरम दोन घोट पोटात जाऊ दे त्यायच्या."

"कोणाच्या?" परात घासत बसलेल्या पुंडलिकरावांनी विचारलं.

रत्नाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, खुर्चीला बांधलेल्या नळीकडे पाहिलं, आणि काय प्रकार आहे ते ऐकून डबा तिथेच टाकून तोंडाला पदर लावत पळाल्या. पुंडलिकराव मात्र भडकले. "मले पेज! धडधाकट माणसाले पेज!" त्यांनी डबा जोरात सरकवला, तो ताटलीवर आदळला, वाटी कलंडली, डब्याचं झाकण उडालं आणि पेज ताटलीभर पातळ पसरली. वरून नळीचं आपलं चालूच होतं. टप.

कौशल्याबाईंनी ते पाहिलं. पांढऱ्या पेजेचा एक इवलासा काठ गोल उठला, क्षणभर उभा राहिला आणि गेला.

"हलू नका!" शिरेत सुई असलेल्या माणसाला त्या जशा दरडावायच्या तशा त्या ओरडल्या. पुंडलिकराव जागच्या जागी थिजले. बाईंच्या ध्यानात आलं. इतके दिवस त्या वाटीभर खोल पाण्यात मुकुट शोधत होत्या. मुकुटाला खोली नको होती, पातळ थर हवा होता. आणि पेज दाट, त्यामुळे तिचा काठ लगेच तुटत नव्हता. "परात धरा! लवकर धरा! ऊन चाललं!"

पुंडलिकराव बनियनवरच गुडघ्यांवर बसले, परात धरली आणि तोंड थेंबाच्या मागे वीतभर अंतरावर आणून बघू लागले. बाईंनी चाक मोकळं केलं, एक थेंब पडेपर्यंत दुसरा वाटेवर असेल इतकं. डोळे मिटले. टप-टप-टप. बोट बटणावर.

आणि फाटक वाजलं. बाईंच्या पाठीमागून, दोन डझन केळी छातीशी कवटाळून, मारोतराव हंबरडा फोडत आत शिरले. "बाई वंऽऽ! गेले काय वं भाऊजी माहे!"

पुंडलिकरावांना समोर थेंबापलीकडे बायको दिसत होती, आणि तिच्या खांद्यावरून रडणारा मेहुणा, केळ्यांसकट. त्यांनी एक क्षण दम धरला. मग जे हसायला फुटले ते परात गदगदा हलेपर्यंत. "अजून नाई गा गेलो! केळी खाऊन जाईन म्हणतो!"

कौशल्याबाईंनी डोळे उघडले नाहीत. चौतीस वर्षांत त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. आजूबाजूला कोणी रडो की हसो, थेंबाची मोजणी सोडायची नाही. बोट चालत राहिलं.

मग त्यांनी मोबाइल हातात घेतला. बारावा फोटो. पांढरा शुभ्र मुकुट, सगळी टोकं शाबूत, आणि त्याच्या वर हवेत अधांतरी पुढचा थेंब. त्या थेंबात काहीतरी होतं. बाईंनी दोन बोटांनी तो मोठा केला, अजून मोठा केला. त्यात एक चिमुकला माणूस होता, उलटा. बनियन, सोनेरी परात, सगळे दात दिसतील असं हसू. आणि दोन डोळे. उघडे. टक्क उघडे!

बाई मोबाइलवरून मान वर करीनात. "नाई आला का?" पुंडलिकरावांनी विचारलं. "जाऊ दे, वं. उद्या पाहू." बाईंनी मोबाइल पुढे केला. त्यांनी पाहिलं, आणि स्वतःला सुलटं बघायला मोबाइल उलटा केला. मोबाइल पडला शहाणा, त्यातला फोटोही फिरला. परत फिरवला, परत फिरला. शेवटी पुंडलिकरावांनी खाटेवर उताणं पडून डोकं खाली लोंबकळत सोडलं. मग मारोतरावांनी तेच केलं. मग बाईंनीही. तिघं म्हातारी माणसं खाटेवरून डोकी खाली टाकून एका थेंबाकडे बघत होती, आणि कुंपणापाशी केवळराम नारळ घेऊन उभा होता.

"थेंब त भिंग झाला माय," पुंडलिकराव म्हणाले. "माह्या पंचांगाच्या भिंगासारखं उलटं दाखवते." बाई हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कपाळाकडे वाहत होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

शर्त ती शर्त. केवळरामने 'एक, दोन, तीन' म्हणत जोडीचा फोटो काढला. त्यात पुंडलिकरावांचे डोळे सवयीप्रमाणे मिटलेले आहेत. गंमत म्हणजे बाईंचेही. तीन म्हणायच्या आधी त्या आपोआप ताल ऐकायला लागल्या होत्या.

थेंबाचा फोटो साकोलीच्या स्टुडिओवाल्या निकेशने मोठा करून काचेत बसवून दिला. बैठकीत दारासमोरच तो लावला आहे. मुकुट वरून खाली लोंबतो, थेंब त्याच्याखाली आणि थेंबात पुंडलिकराव सुलटे, हसताहेत. येणारा प्रत्येक माणूस म्हणतो, "सिस्टरबाई, फोटो उलटा लागला," आणि तो फिरवायला हात पुढे करतो.

"हात नका लावू," कौशल्याबाई चहा गाळता गाळता आतून ओरडतात. "माणूस सुलटा हाये. पाणी राहू द्या उलटं, पाण्याले काही फरक नाई पडत."