सुनेत्राकाकू पिस्तूल निवडतात

फ्रिस्कोच्या मराठी मंडळात सुनेत्रा वऱ्हाडपांडे यांना ओळखत नाही असं कुणी नाही. भारतातून आलेल्या कुणाच्या सासऱ्यांनी बीपीची गोळी दोनदा घेतली, लावा सुनेत्राकाकूंना फोन. गणपतीच्या जेवणात मीठ कमी पडलंय की काय, विचारा सुनेत्राकाकूंना. अमरावतीला फार्मसी शिकून, लग्न होऊन त्या टेक्सासला आल्या. इथल्या परीक्षा पुन्हा दिल्या आणि डॅलसच्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत उभा जन्म काढला. बोलणं रोखठोक, तोंडावर. त्यांच्या हाताखालच्या पोरी त्यांना घाबरायच्या आणि नोकरी सोडताना त्यांच्याच गळ्यात पडून रडायच्या.

ह्या रोखठोक बाईने गेली दोन वर्षं तोंडाला जणू कुलूप लावून घेतलं होतं, निदान स्वतःच्या लेकीपुढे तरी.

झालं होतं असं. लेक अनया ह्यूस्टनला राहते. दर उन्हाळ्यात ती वेद आणि सिया, दोन्ही नातवंडांना घेऊन यायची, चांगली आठवडाभर राहायची. दोन वर्षांपूर्वी अशीच आली असताना जेवणाच्या टेबलावर सियाने वरणभाताची ताटली ढकलली आणि नगेट्स मागितले. सुनेत्राकाकू बोलून गेल्या, "अनया, ह्या पोरांना काही वळण लावशील की नाही?" अनयाचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू भाजी घेऊन घरी आल्या तर अनयाची गाडी निघायच्या बेतात. बॅगा भरलेल्या, मुलं सीटबेल्ट लावून बसलेली. अनया त्यांच्याकडे बघायलाही तयार नव्हती.

"तुझं कालचं बोलणं लागलंय तिला," नरेंद्रकाका म्हणाले. "जाऊ दे. वेळ दे तिला जरा."

काकूंनी वेळ दिला. फोनवर माफी मागितली. अनया कोरडेपणाने म्हणाली, "सॉरी नको गं, आई. ते आधी नीट कर." काकूंना वाटलं, आपला स्वभाव नीट कर म्हणते आहे. मग त्या व्हिडिओ कॉलवर शब्द तोलून मापून बोलू लागल्या. मुलांनी काय खाल्लं हे विचारणं सोडलं. केस कापलेस का, एवढंसुद्धा विचारेनात. पुढच्या उन्हाळ्यात अनया आली ती हॉटेलात उतरली, दुपारी दोन तास भेटून गेली. त्या दोन तासांत काकूंनी सियाला नगेट्स तळून वाढले, स्वतःच्या हाताने. अनया म्हणाली, "थँक्स." बस.

रडू आलं की त्या नरेंद्रकाकांजवळ रडायच्या. "माझी जीभच काळी," म्हणायच्या. काका पाठीवरून हात फिरवायचे.

यंदा गणपतीच्या आसपास त्यांच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे वसाहतीत, चोऱ्या सुरू झाल्या. देशी घरांत सोनं असतं हे चोरांनाही ठाऊक झालेलं. समोरच्या रेखाताई भर दुपारी देवळात गेल्या आणि परत आल्या तर मागचं काचेचं दार फुटलेलं, कपाटं उपसलेली. त्या काकूंच्या सोफ्यावर येऊन बसल्या. "सोनं गेलं ते गेलं, पण मी घरात असते तर?" असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

त्या गेल्यावर नरेंद्रकाका म्हणाले, "आपण एक गन घ्यावी म्हणतो मी."

"वेड लागलंय का तुम्हाला?" काकू म्हणाल्या.

पण काकांनी विषय सोडला नाही. रोज चहाला बसले की तेच. पोलीस यायला वेळ लागतो. आपलं आता वय झालं. शेवटी म्हणाले, "मी नाही ठरवणार. तूच निवड. तुला पटेल तीच घेऊ, नाही पटली तर नाही." हे मात्र काकूंना बरं वाटलं. चाळीस वर्षांच्या संसारात घर, गाडी, शाळा सगळं काकांनी ठरवलं होतं आणि मग काकूंना विचारलं होतं. ह्या वेळी आधी विचारत होते.

आणि एकदा हो म्हटल्यावर काकूंनी ते काम औषधासारखं हातात घेतलं. पेशंट कोण, वय काय, कशाला चालेल, दुष्परिणाम कोणते. गावाबाहेरच्या एका शूटिंग रेंजवर बायकांसाठी क्लास होता. शिकवणारी निघाली मराठी मुलगी, चारुता. इथेच जन्मलेली, केसांची घट्ट वेणी, दंडावर गोंदवलेलं गणपतीचं चित्र. "हाय काकू! माझं मराठी थोडं फनी आहे, ओके?" म्हणत तिने कानांवर आवाज रोखणारे मफ चढवले.

चारुताने घाई केली नाही. आधी शॉटगन हातात दिली. काकूंनी एकदाच चालवली आणि खांदा धरून बाजूला झाल्या. मग पिस्तूल. त्याचा वरचा भाग मागे खेचल्याशिवाय गोळी आत जात नाही, आणि काकूंच्या अंगठ्यांत संधिवात. खेचता खेचता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दे इकडे," म्हणत सोबत आलेल्या नरेंद्रकाकांनी ते घेतलं आणि सर्रकन मागे ओढून सोडलं. अगदी पाण्याचा नळ उघडावा तसं.

"तुम्हाला कसं जमलं?"

"यूट्यूबवर बघितलं," काका म्हणाले.

मग चारुताने एक छोटं पिस्तूल काढलं. ओढायला हलकं, धक्का कमी. काकूंनी पाय रोवले, श्वास सोडला आणि चाप ओढला. कागदावरच्या माणसाच्या छातीत भोकं पडली, एकमेकांना चिकटून. "काकू, तुम्ही तर स्कॅरी आहात यार!" चारुता ओरडली. काकूंना हसू आलं, आणि लगेच त्यांनी पिस्तूल खाली ठेवलं.

पुढच्या क्लासला त्यांनी प्रश्नच प्रश्न विचारले. चुकून सुटलेली गोळी आपल्या घराच्या भिंतीतून पलीकडे जाईल का? जाईल, चारुता म्हणाली, इथल्या भिंती म्हणजे पुठ्ठाच. पलंगाची कुठली बाजू सुरक्षित? कुलपाची पेटी कुठे बसवायची? बोटाच्या ठशाने उघडणारी की आकड्यांची?

"काकू, घरात मुलं येतात का?" चारुताने विचारलं.

"यायची," काकू म्हणाल्या. मग घाईने म्हणाल्या, "येतात. येतील."

"मग त्यांच्या मॉमला आधी सांगा. विकत घ्यायच्या आधी. नंतर कळलं ना, तर ट्रस्ट जातो."

काकूंना ते मनापासून पटलं. एरवी अनयाला फोन करायचा म्हणजे त्या मनात चार वेळा उजळणी करायच्या, पण हे विचारणं म्हणजे लेकीचा मान ठेवणं होतं. शनिवारी सकाळी, नरेंद्रकाका मागच्या अंगणात स्प्रिंकलरचा फुटलेला पाइप बदलत असताना, त्यांनी फोन लावला.

"अनया, आपल्याकडे चोऱ्या फार होताहेत. बाबा म्हणताहेत एक गन घेऊ. मी म्हटलं, तुला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. तुला नको असेल तर नाही घेणार."

अनया म्हणाली, "अजून एक?"

"अजून एक म्हणजे?"

"आई, प्लीज. आता हे नको. आय सॉ इट. गेस्टरूमच्या क्लॉझेटमध्ये, ब्लँकेटांच्या खाली. मी सियासाठी पांघरूण काढत होते. इट वॉज लोडेड, आई. माझी मुलं त्या खोलीत झोपली होती."

काकू स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या.

"मला हे माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"बाबा म्हणाले तूच मागितलीस. तू एकटी असलीस की घाबरतेस, तूच हट्ट धरलास. म्हणाले, आईजवळ विषय काढू नकोस, तिला लाज वाटते. मी म्हटलं, ती घरात असेपर्यंत मुलं येणार नाहीत. ते म्हणाले, आईशी बोलतो. मग पुढच्या आठवड्यात फोन आला, की आई ऐकत नाही." अनयाचा आवाज फुटला. "मी वाट बघत होते. तू ती गन फेकशील आणि आम्हाला बोलावशील म्हणून. तू फक्त सॉरी म्हणत राहिलीस. आणि नगेट्स तळलेस."

"मला वाटलं मी तुला वळणावरून बोलले म्हणून तू गेलीस."

"कुठलं वळण?" अनयाने विचारलं. तिला ते आठवतसुद्धा नव्हतं.

काकू मागच्या अंगणात गेल्या. नरेंद्रकाका गुडघ्यांवर बसले होते, हात कोपरापर्यंत चिखलात.

"कुठे आहे ती?"

काकांनी कुठली म्हणून विचारलं नाही. "गॅरेजमध्ये," ते म्हणाले. "अवजारांच्या पेटीत. अनया गेली त्याच दिवशी हलवली. कुलूप आहे तिला."

"का घेतलीत?"

काका चिखलाकडे बघत बोलले. पेट्रोल पंपावर एका माणसाशी पार्किंगवरून वाजलं होतं. तो काहीबाही ओरडला, गो बॅक वगैरे, आणि मग त्याचा ट्रक थेट घरापर्यंत मागे आला. समोर उभा राहिला बराच वेळ. निघून गेला. पुन्हा कधी आला नाही. "पण माझी भीती जाईना, सुनेत्रा. तू कामावर होतीस. तुला काय सांगायचं, की मी घाबरून बाथरूममध्ये जाऊन बसलो?"

त्या क्षणी काकूंना त्यांची दया आली, हे खरं. तेवढंच त्यांनी सांगितलं असतं तर काकूंनी त्यांना पोटाशी धरलं असतं.

"आणि अनयाला माझं नाव का सांगितलंत?"

"ती ओरडत होती. ज्या नजरेने माझ्याकडे बघत होती... तोंडून निघून गेलं. मग मागे घेता येईना."

"दोन वर्षं?"

काकांनी पाइपवरचा चिखल पुसला.

"मी तिची माफी मागत होते. तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात. माझी जीभ काळी म्हणून मी तुमच्या खांद्यावर रडले आणि तुम्ही मला थोपटत होतात." काकूंचा आवाज चढला नाही, ह्याचं त्यांनाच नवल वाटलं. "मग ही रेंज, हा क्लास, तूच निवड, हे सगळं कशासाठी? एक होतीच की घरात."

"तू आपणहून घेतली असतीस तर..." काका अडखळले. "तर मी बोललो ते काही अगदी खोटं राहिलं नसतं."

काकूंना अख्ख्या प्रकरणात जे सगळ्यात खोल लागलं ते हे. ते घाबरले, लपवलं, खोटं बोलले, हे एखाद्या दिवशी पचलं असतं. पण आयुष्यात पहिल्यांदा काकांनी आधी आपलं मत विचारलं म्हणून त्या मनातून सुखावल्या होत्या, आणि ते विचारणं म्हणजे जुन्या खोट्यावर काकूंची सही घेण्याची युक्ती होती.

त्यांनी गॅरेजमधली पेटी उघडायला लावली. काळं, जड पिस्तूल. चारुताने शिकवल्याप्रमाणे तोंड भिंतीकडे, बोट चापापासून दूर. गोळ्यांचं मॅगझिन काढलं आणि वरचा भाग मागे खेचला. अंगठ्यातून कळ गेली तरी पूर्ण खेचला. आत अजून एक गोळी होती, ती टणकन फरशीवर पडली. काका ती उचलायला वाकले तर काकू म्हणाल्या, "हात लावू नका."

चारुताला फोन करून, तिने सांगितलं तसं सगळं वेगवेगळं कुलूपबंद करून, त्या स्वतः ते रेंजच्या दुकानात देऊन आल्या. चारुता गाडीपर्यंत सोबत आली आणि म्हणाली, "काकू, ड्राइव्ह करू शकाल ना?"

"ह्यूस्टनपर्यंत करायचंय," काकू म्हणाल्या.

एवढा लांबचा हायवे त्यांनी एकटीने कधी केला नव्हता. नेहमी काका चालवायचे. अनयाने दार उघडलं आणि दोघी तिथेच, उंबऱ्यात, एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. "तू मला सरळ का नाही विचारलंस?" अनया रडत म्हणाली. "आणि तू?" काकू म्हणाल्या. एका माणसाच्या शब्दावर दोघींनी विश्वास ठेवला होता.

वेद आतून आला. उंच झाला होता, आवाज बदलायला लागला होता. "हाय आजी," म्हणाला, पाहुण्यांना म्हणावं तसं. सियाला त्यांनी मांडीवर ओढायला हात पुढे केले, तेव्हा ती जरा विचार करून सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिला आजीची मांडी नीटशी आठवत नव्हती. ती दोन वर्षं कुणी कुठून आणून देणार होतं?

काकू तिथे महिनाभर राहिल्या. नरेंद्रकाकांचे फोन यायचे. अनया घेत नव्हती, काकू घ्यायच्या. गॅस चालू करायचा तिढा, पाण्याचा फिल्टर, एवढंच बोलणं. एकदा काका म्हणाले, "आता काही नाही घरात. शपथ." काकूंनी ऐकून घेतलं. ज्याच्या शब्दावर चाळीस वर्षं डोळे मिटून चाललो, त्याची शपथ कानाला नुसती आवाजासारखी लागावी, ह्याचं त्यांना वाईट वाटलं. पण लागली तशीच.

त्या परत गेल्या, कारण घर त्यांचंही होतं आणि ह्या वयात वेगळं निघायची त्यांना हौस नव्हती. मागच्या दाराला जाड काच बसवली, अंगणात दिवे लावले, रेखाताईंशी ठरवून दोन्ही घरांना अलार्म घेतले. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला अनया मुलांना घेऊन येते म्हणाली. राहायला.

ती मंडळी येणार त्या दिवशी सकाळी काकूंनी पाहुण्यांच्या खोलीतली सगळी ब्लँकेटं झटकली. कपाटांचे वरचे कप्पे स्टुलावर चढून चाचपले. बॅगा उघडल्या, अवजारांची पेटी रिकामी करून पुन्हा भरली, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बघितला. नरेंद्रकाका दिवाणखान्यात सोफ्यावर बसले होते. काकू सोफ्याखाली बघायला वाकल्या, तेव्हा काकांनी दोन्ही पाय वर घेतले.