जोड चांगला, लोखंड हलकं

चहाचा कप आधी खाली ठेवा, मागाहून ठसका लागला तर मला बोल लावाल. स्वतःचं जमत आलेलं लग्न लोखंड तोडायच्या मशीनवर चढवून मोडायला निघालेला माणूस कधी पाहिलाय का तुम्ही? नसेल, तर नीट बघून घ्या. तुमच्यासमोरच बसलाय.

स्वराज्य तेव्हा नवं होतं. जिकडे तिकडे धरणं नि पूल बांधायची घाई चालली होती. मी बारामतीजवळच्या एका कारखान्यात नुकताच चिकटलो होतो. डिप्लोमा ताजा, विजार पांढरी आणि खिशाला दोन पेनं. त्यातलं एक चालायचं.

काम काय, तर लोखंडाची परीक्षा घेणं. मशीनला वर एक जबडा, खाली एक जबडा. मधे सळई धरायची आणि तुटेपर्यंत ताणायची. आधी ती थोडी लांबते, मग एके ठिकाणी बारीक होते आणि शेवटी बार उडाल्यासारखा आवाज करून तुटते. किती जोर सोसला ते काट्यावर दिसतं. संपलं काम. पण एवढ्यावर मी असा ताठ चालायचो की देशातले सगळे पूल जणू माझ्याच खांद्यावर उभे होते.

अशात कळसच्या सोपानतात्यांची मुलगी सांगून आली. हिरा तिचं नाव. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, कोऱ्हाळ्याहून आले आणि मला घेऊन कळसला गेले. चहा झाला. तात्या म्हणाले, "काय इचारायचं ते इचारा पोरीला."

आता शहाण्या माणसानं नाव विचारावं, स्वयंपाकाचं विचारावं. मी विचारलं, "लोखंड आणि पोलाद यात फरक काय?"

तिनं मान वर न करता सांगितलं, "पोलाद म्हाग असतं." आणि ओठातल्या ओठात हसली. मी तिथंच कामातून गेलो. करीन तर हिच्याशीच, नाहीतर मशीनच्या जबड्यात मुंडी घालीन, असं मनाशी ठरवून टाकलं.

मग तात्यांनी माझी परीक्षा सुरू केली.

"कारखान्यात काय करता, पावनं?"

"लोखंड ताणतो."

"बरं. आन् मग?"

"तुटेपर्यंत ताणतो."

"आन् मग?"

"मग तुकडे भंगारात टाकतो."

तात्यांनी आबांकडे बघितलं. "आन् ह्याचा पगार देत्यात?"

"व्हय की," आबा म्हणाले. "सरकारमान्य तोडतोय त्यो."

तात्यांचं काही समाधान झालं नाही. त्यांनी आतून एक लोखंडी सळई आणून माझ्या पुढ्यात ठेवली. मोठा नांगर ओढायला लागणारी. "ही अपुरी पडत व्हती. मागल्या खेपंला बोलणी कराय आलं तवा तुमच्या आबांनी घरचा तुकडा दिला, तो आमच्या लोहारानं जोडलाय. जोडात दम हाय का न्हाय, तेवढं तुमच्या मशीनवर बघून सांगा. शिक्षान कामाला तरी येऊ दे."

येत्या रविवारी कळसलाच सुपारी फोडायची, म्हणजे लग्न पक्कं करायचं, असं ठरवून आम्ही उठलो.

मी सळई मशीनला लावली. जोडावर खडूनं खूण केली आणि ताणायला लागलो. काटा चढत गेला आणि धाडकन सळई तुटली. बघतो तर काय, जोड जसाच्या तसा. सळई तुटली होती ती जोडापासून वीतभर लांब, अख्ख्या लोखंडात. म्हणजे लोहाराचं काम फक्कड, लोखंडच कमअस्सल. असा स्वच्छ निकाल मशीनवर रोज मिळत नाही. कधी एकदा सासऱ्यांना सांगतो असं झालं मला.

धावत एस.टी. स्टँडवर गेलो. कळसकडची गाडी सुटत होती. मी गाडीबरोबर पळत कंडक्टरला ओरडून सांगितलं, "कळसच्या सोपानतात्यांना निरोप द्या. पार शेवटपर्यंत ताणून बघितली. तुटली. जोडात खोट नाही, पण लोखंड हलकं निघालं."

इंजिनचा खडखडाट चालला होता. त्यात 'लोखंड' कुठं गेलं ते त्या इंजिनालाच ठाऊक. आणि 'सळई' हा शब्द तर मी उच्चारलाच नव्हता. विद्वान माणसं विषय गृहीत धरतात, त्याला काय करणार?

रविवारी आबा नवा पटका बांधून तयार. माझ्या एका पिशवीत नारळ नि साखर, दुसरीत कागदात गुंडाळलेले सळईचे तुकडे. तात्यांच्या ओट्यावर पोचलो तर कुणी "या" म्हणेना. भावकीतली पाच-सहा माणसं भिंतीला टेकून बसलेली. तात्या आमच्याकडे पाठ करून सुपारी कातरत होते. आतून पाण्याचा तांब्यासुद्धा आला नाही.

"तात्या, निरोप पोचला ना?" मी हौसेनं विचारलं.

"पोचला. समद्या गाडीला ऐकवून कंडक्टर हितं आला. शेवटपत्तुर ताणलं म्हणं तुमी?"

"ताणावंच लागतं. अर्ध्यात सोडलं तर काही कळत नाही."

"आन् तुटली."

"तुटणारच. आम्ही तोडायसाठीच तर ताणतो."

भावकीतला एक जण काठी चाचपायला लागला. मला वाटलं, म्हातारा उठायला आधार शोधतोय.

"तोडायसाठीच?" तात्यांचा आवाज चढला. "अशा किती तोडल्यात आजवर?"

"मोजल्या नाहीत. रोज दोन-चार होतात."

"आरं कारट्या, काय बोलतोयस?" आबा कापऱ्या आवाजात म्हणाले. "तुटंस्तवर ताणू नये म्हणत्यात, आन् तू रोज दोन-चार?"

"आबा, यातलं तुम्हाला कळायचं नाही," मी म्हणालो. मग तात्यांना समजावून सांगू लागलो, "तुटायच्या आधी ती बारीक होते. ही तर चांगलीच बारीक झाली होती."

"हुईल न्हाय तर काय?" तात्या अडकित्ता आपटून उठले. "निरोप आल्यापास्नं अन्नाला शिवली न्हाय पोर. आन् वर आमाला हलकं म्हणता? जोडा झकास, पर माणसं हलकी? माझं घराणं हलकं?"

आता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. उजेड कसला, आगच. आत हिरा उपाशी बसली होती, आणि ते मी केलं होतं. मी पिशवी उलटी केली. नारळ गडगडत अंगणात गेला, साखर सांडली आणि सळईचे दोन तुकडे खणखणत तात्यांच्या पायाशी पडले.

"ही तुटली, तात्या," मी रडवेला होऊन म्हणालो. "ही. तुमची सळई. जोड हा बघा, शाबूत आहे. मी लोखंडाला हलकं म्हणालो. हिरानं नाही म्हटलं तर मी जन्मभर बिनलग्नाचा राहीन, पण तिला तेवढं जेवायला सांगा."

तात्या तुकड्यांकडे बघत खाली बसले. "पोरीच्या बापाला सळई आठवती व्हय?" ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी तुकडे उचलून उलटेपालटे केले. जोड बोटानं चाचपला. तुटलेली जागा पाहिली. एकदम त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या.

"पावनं, ह्यो जोड?"

"हो."

"जोडाच्या ह्या अंगाला गंजकं लोखंड हाय, ते माझं. ते तर धड हाय."

"हो, धड आहे."

"मंग तुटलंय ते त्या अंगाचं. ते कुणी दिलं व्हतं?"

मी आबांकडे बघितलं. भावकीनं आबांकडे बघितलं. आबा आढ्याकडे बघत पटका सारखा करत होते.

"म्हंजे जोड चांगला," तात्या खदखदून हसत म्हणाले, "आन् हलका माल कोऱ्हाळ्याचा. मशीननंच सांगितलंय, आमी न्हाय."

आतून कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू मी ओळखलं. थोड्या वेळानं ताट वाढल्याचा आवाज आला आणि माझ्या जिवात जीव आला. सुपारी त्याच दिवशी फुटली.

तेव्हापासून मी कितीतरी लोखंड तोडलं. कारखान्यात माझ्या निकालावर साहेबसुद्धा वाद घालत नसत. घरी मात्र मी कधी आवाज चढवला, की हिरा भाकरी थापता थापता मान वर न करता एवढंच म्हणते, "लई ताणू नगा. कुठल्या अंगाला तुटतं, ते तुमीच शोधून काढलंय."