गोणीतली चिठ्ठी

"काय शिकते गो तुझी लेक?"

काजूच्या कारखान्याच्या फाटकावर सुटणाऱ्या बायकांची झडती घेणारी मैना हा प्रश्न रोज संध्याकाळी विचारायची. उत्तर तिला पाठ होतं, तरी विचारायची.

"आफ्रिका," दमयंती गोताड हात पसरून उभी राहत म्हणायची.

"आख्खी?"

"आख्खी."

"मग लवकर संपायची नाय." आणि कंबर, ओटी, जेवणाचा डबा चाचपून मैना म्हणायची, "चल, जा."

दमयंतीची लेक दर्शना. गाव रत्नागिरीपासून तासाभराच्या एस्टीवर, बापूस मुंबईत एका दुकानात कामाला. दर्शनाला आफ्रिका पहिल्यांदा भेटली ती घरातल्या जमिनीवर. कारखान्यात बाहेरदेशची काजूबी यायची, आणि रिकामी गोणपाटं बायकांना वाटली जायची. घरात तीच अंथरलेली. त्यांवर हिरव्या अक्षरांत टांझानिया, बेनिन, गिनी-बिसाव. बारावीपर्यंतचा सगळा अभ्यास पोरीनं टांझानियावर बसून केला.

रत्नागिरीच्या कॉलेजात बीएला तिनं इतिहास घेतला. शेवटच्या वर्षी आफ्रिकेवर एकच धडा होता. सर म्हणाले, "हा ऑप्शनला टाका. सगळेच टाकतात."

"सर, मी नाही टाकणार."

"का गं?"

"आमच्या घरात रोज अंथरलेला असतो."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनीच तिला सांगितलं की मुंबईला विद्यापीठात आफ्रिकेचा अभ्यास एमएला घेता येतो. बापूस फोनवर म्हणाला, "बाय, त्यात नोकरी कसली असते?"

"विचारून सांगते, बाबा."

अजून सांगायचंय.

एमएची दोन वर्षं चांगली गेली. तिथं ती स्वाहिली शिकली. आठवड्यातून दोनदा आईचा फोन. "जेवलीस का?" झालं की दुसरा प्रश्न ठरलेला, "आज तकडं काय चाललंय?" तकडं म्हणजे आफ्रिकेत. दर्शना सांगायची. स्वातंत्र्य, रेल्वे, निवडणुका. दमयंती सगळं ऐकून विचारायची, "आणि पाऊस?"

एमएला पहिला वर्ग मिळाला. पुढं पीएचडी. राजश्री मॅडम मार्गदर्शक व्हायला तयार झाल्या, पण त्यांनी दर्शनाचा आराखडा वाचला आणि चष्मा काढला.

"टांझानियाचं काजू धोरण. चांगलं लिहिलंयस. असं मी याआधी चार वेळा वाचलंय. यात तू कुठं आहेस?"

"मी टांझानियाला कधी गेले नाही, मॅडम."

"ते मी विचारलंच नाही. सोमवारी समिती बसते. तोवर नवीन आण. नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाईल, आणि मला काही करता येणार नाही."

दर्शनानं मॅडमना एक गोष्ट सांगितली नव्हती. प्रवेशाच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय तिनं 'गृहिणी' असा लिहिला होता.

गुरुवारी ती घरी आली. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. दमयंती कपाशेजारी खोबरेलाची वाटी घेऊन बसली होती. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी ती हात मुरवत ठेवायची. लेकीचा चहा निवला.

"काय झालंय? नापास केलानी?"

"नाही गो. माझ्याकडे माझं असं काही नाही, म्हणाल्या."

दमयंतीनं हात पदराला पुसले. माळ्यावर चढली आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन उतरली.

"हे बघ, कामाचं हाय का."

आत चिंध्यांच्या लहान लहान गाठोड्या. एकीत निळा मणी, एकीत शर्टाचं बटण. लहान मुलाच्या चपलेचा पट्टा, बाटलीची झाकणं, रंगीत दोऱ्याचा गुंता.

"आये, हे काय?"

"बी उकडायच्या आधी निवडतो ना आम्ही, तवा निघतं. खडे निघतात, तसं हे. ही टांझानियाची. ही बेनिनची. ह्या दोन बिसावच्या."

"तुला कसं कळलं कुठलं कुठलं ते?"

"बियांवरनं. टांझानियाची बी भरीव, ती मार्गशीर्षाच्या पुढं येते. शिमगा उलटला की दुसरीकडची. बेनिनची बारकी. डोळे मिटून सांगीन." मग आवाज खाली. "आणलं ते अंबाड्यात घालून. मैना कंबर बघते, अंबाडा नाय बघत."

"चोरून?"

"बावीस वर्षांत एक काजू आणला नाय मी," दमयंती म्हणाली. "चाखला पण नाय कामावर. पण हे टाकवना. कुणाचं तरी हाय ना."

डब्याच्या तळाशी चार घड्यांचा कागद होता. पेन्सिलीनं लिहिलेला, घडीवर विरलेला.

"तू सातवीला होतीस तवाचा. वाचवेना कुणाला."

दर्शनानं तो दारातल्या उजेडात धरला. बराच वेळ धरला.

"वाचतेयस का नुसतीच बघतेयस?"

"स्वाहिली आहे. वाण्याची यादी आहे, आये. मीठ. साबण. रॉकेल. आणि शेवटी, झुहुराची वही."

"झुहुरा कोण?"

"मुलगी असेल."

"तिच्या आवशीनं लिवलंय," दमयंती लगेच म्हणाली.

"कशावरून?"

"सोताचं काय नाय त्यात."

मग दर्शना एकदम उठली, वही शोधायला लागली, पेन मिळेना म्हणून चिडली. ज्यांनी ती बी वेचली त्यांच्यापासून आईच्या हातापर्यंतची वाट तिला समोर दिसत होती. लिहिता लिहिता ती थांबली.

"नको."

"काय नको?"

"हे लिहिलं तर तुझं नाव येणार. कारखान्यातून आणलंस ते पण येणार. काढतील तुला कामावरून."

"काढतील," दमयंती म्हणाली आणि गाठोड्या एकेक करून परत डब्यात भरल्या.

शनिवारी सकाळी ती कामावर निघाली तेव्हा डबा तिच्या काखेत होता. "चल," ती लेकीला म्हणाली. दर्शना चपला सरकवत मागून धावली.

फाटकावर मैना.

"माझी झडती घे," दमयंती म्हणाली.

"आत जाताना? बाहेर नेतात ते बघायला मी हाय, आत आणतात ते नाय."

"हे आधी बाहेर गेलेलं हाय."

मैनानं डबा उघडला. मणी उचलला, ठेवला. "अंबाड्यातनं नेलंस?"

"व्हय."

"मना म्हायत होतं." मैनानं झाकण घट्ट बसवलं. "कधीमधी सुटताना अंबाडा वाकडा असायचा तुझा. काजूनं एवढा वाकडा होत नाय."

मुकादम हरिश्चंद्रभाऊंनी दमयंतीचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. डब्यात बोट फिरवून ते हसले. "दमयंतीबाई, हा कचरा. खड्ड्यातच जातो. कचऱ्याला कोण विचारतंय? न्या."

"कचरा नाय ओ तो."

"मग काय आहे? गेटपासवर वस्तूचं वर्णन लिहावं लागतं मला."

दर्शना तोंड उघडणार तोच दमयंती म्हणाली, "लिवा. माझ्या लेकीचा अभ्यास."

मुकादमांनी तिच्याकडे पाहिलं, मग दर्शनाकडे. आणि तसंच लिहिलं.

रविवारी दर्शना डबा घेऊन मुंबईला गेली. चिठ्ठीचा मात्र फोटोच नेला. चिठ्ठी दमयंतीनं ठेवून घेतली. "ती हकडंच ऱ्हाऊंदे. त्या बाईनं वही आणली का नाय, कोणास ठाऊक."

सोमवारी संध्याकाळी फाटकावर रांग होती. दमयंती हात पसरून मैनासमोर उभी राहिली आणि तिच्या पिशवीतला फोन वाजला.

"घे," मैना म्हणाली. "झडती थांबते वायच."

"आये, मिळाली जागा! मॅडमनी विचारलं, ही माहिती कुणाची? मी सांगितलं, आईची, काजूच्या कारखान्यात आहे. फॉर्मवरचं गृहिणी पण खोडलं मी. आणि त्या विचारतायत, तुझी भेट कधी?"

"सुट्टीच्या दिवशी म्हणावं. शुक्रवारी," दमयंती म्हणाली. "जेवलीस का?"

फोन पिशवीत गेला. मागच्या बायका कान टवकारून उभ्या होत्या.

"झाली का आफ्रिका?" मैनानं विचारलं.

"नाय गो. आता कुठं सुरू झाली."

मैनानं कंबर चाचपली, ओटी चाचपली. मग तिचा हात वर गेला आणि अंबाड्यावर थांबला. आत काहीतरी कडक, बटणाएवढं लागलं.

"गेटपास?"

"राहिला. सवय गो," दमयंती पुटपुटली.

मैनानं एक सुटलेली बट अंबाड्यात नीट खोचली.

"चल, जा."