चिठ्ठी न निघालेल्या बाई

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. मी मिशिगनमध्ये पीएच.डी. करत होते आणि उन्हाळ्यात आमच्या सरांच्या हाताखाली एका कोर्सला शिकवत होते. आफ्रिकेतल्या निरनिराळ्या देशांतून प्राध्यापक आणि सरकारी अधिकारी यायचे. सरकारने एखादी योजना काढली, तर तिचा लोकांना खरंच उपयोग झाला का, हे मोजायचं कसं, ते त्यांना शिकवायचं. पद्धत सांगायला सोपी. चिठ्ठ्या टाकून निम्म्या गावांना योजना द्यायची, निम्म्यांना नाही, आणि मग दोन्हींत फरक काय पडला ते बघायचं. मी हे अगदी घडाघडा सांगायचे. ज्या गावाची चिठ्ठी निघत नाही तिथल्या माणसांना काय वाटतं, असं कुणी विचारलं की "चांगला प्रश्न आहे" म्हणायचे आणि पुढची स्लाइड लावायचे.

त्या वर्षी सरांच्या डोक्यात आलं, हा प्रयोग या मंडळींवरच करू. संध्याकाळी जादा शिकवणी ठेवायची, मी घ्यायची, पण चिठ्ठी निघेल त्या निम्म्यांनाच. "जो दुसऱ्यांच्या गावांवर चिठ्ठ्या टाकणार आहे, त्याने एकदा स्वतः उचलून बघावी," सर म्हणाले. ऐकायला झकास! बाकीच्यांना मी काही शिकवायचं नाही, शिकवणीवाल्यांनीही सांगायचं नाही आणि इतरांनी त्यांच्याकडून शिकून घ्यायचं नाही, असं सगळ्यांकडून लिहून घेतलं होतं.

झांबियाच्या शिक्षण खात्यातल्या एक बाई होत्या. पन्नाशीच्या आसपास, भारदस्त, वर्गात कायम पहिल्या रांगेत. आल्या त्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे योजना तपासणारा नवा विभाग निघतोय. इथलं सर्टिफिकेट मिळालं तर तो माझ्याकडे येईल. नाही तर बाहेरून सल्लागार आणून बसवतील, आणि मी त्याला माझ्याच देशातल्या शाळा दाखवत हिंडेन." गणित सोडून त्यांना जमाना झाला होता. शिकवणीची गरज कुणाला असेल तर त्यांनाच.

सरांच्या बेसबॉलच्या टोपीतून त्यांनी चिठ्ठी काढली. कोरी निघाली.

माझं डोकंच फिरलं. सरांच्या खोलीत जाऊन म्हटलं, बाकीच्यांचं राहू द्या, यांना तरी बसू द्या. सर शांतपणे म्हणाले, "मग ती चिठ्ठी कसली?" सर वाईट नव्हते हो, हेच तर दुखणं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. जवळच्याच नोव्हाय नावाच्या गावात आईच्या मैत्रिणीची बहीण राहायची, त्या काकूंना फोन करून मी तासभर धुसफुसले. काकू म्हणाल्या, "तुला काय करायचंय गं? तुझा व्हिसा त्यांच्या सहीवर आहे ना? मग गप बस."

पहिल्याच आठवड्यात बाई आपली वही घेऊन माझ्यासमोर आल्या. मी म्हटलं, "मला यावर बोलायची परवानगी नाही." त्या "बरं" म्हणाल्या आणि वही मिटून गेल्या. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी शिकवणीत मी दोघातिघांवर उगाचच खेकसले.

मग एका रविवारी दुपारी मी त्यांच्या होस्टेलच्या किचनमध्ये गेले. मायक्रोवेव्ह हवा होता, बाकी काही नाही. बघते तर अख्खा वर्ग तिथे. बाई शेगडीपाशी मक्याच्या पिठाची घट्ट उकड घोटतायत, कुणी मासे तळतंय, आणि घानाचा एक तरुण प्राध्यापक, माझ्या शिकवणीतला, मार्करने फ्रिजच्या दारावर माझंच परवाचं लेक्चर लिहून सगळ्यांना समजावतोय. मला बघून एकदम सामसूम. बाईंचा हात तेवढा थांबला नाही, उकड घोटायचं थांबलं तर गुठळ्या होतात. घानावाल्याने फडकं उचलून फ्रिज पुसायला घेतला. मी म्हटलं, "अरे, पुसतोस कशाला? मी जेवायला आलेय." मग सगळे जे काय हसले! मी बसले, हाताने उकड आणि मासे खाल्ले. एका ठिकाणी त्याने उदाहरण साफ चुकवलं, तेव्हा जिभेवर आलेलं गिळून गप्प राहिले.

परीक्षा झाली. बाई चांगल्या पास झाल्या. आनंदाने त्यांनी मला असं मिठीत घेतलं की माझा चष्मा वाकडा झाला.

शेवटच्या दिवशी सरांनी पडद्यावर निकाल दाखवला. शिकवणीवाले आणि बिनशिकवणीवाले, दोघांचे मार्क सारखेच. "म्हणजे शिकवणीचा उपयोग शून्य," सर म्हणाले. "पुढच्या वर्षीपासून बंद."

चहाच्या सुट्टीत बाईंनी मला गाठलं. "पुढच्या वर्षी आमच्याकडून माझी एक ज्युनियर येणार आहे. गणितात माझ्याहून कच्ची. तिला शिकवणी मिळणार नाही?"

"नाही."

"कारण आमच्यात फरक दिसला नाही?"

"हो."

"पण आम्ही तर एकाच टेबलावर जेवत होतो."

त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळलं. म्हटलं, "बाई, तुम्ही काही बोलू नका. तुमचं सर्टिफिकेट जाईल. विभाग जाईल हातचा. मी बघते काही तरी." त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि आत गेल्या.

आत जाऊन त्या उभ्या राहिल्या. "सर, दोन गावांची विहीर एकच असली तर पाण्यात टाकायचं औषध एका गावाला दिलं काय आणि दोघांना दिलं काय, फरक दिसणार नाही, हे तुम्हीच शिकवलंत. शिकवणी फुकट गेलेली नाही. ती मला मिळाली, म्हणून मी पास झाले. हा निकाल चूक आहे."

"आणखी कुणाकुणाला मिळाली?" सरांनी विचारलं.

"मी माझ्यापुरतं बोलतेय."

घानावाला उठायला लागला, तर बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा खाली बसला. सरांचा चेहरा उजळला होता. त्यांनी भर वर्गात सांगितलं, माझ्या इतक्या वर्षांत इतकं नेमकं उत्तर मला कुणी दिलं नाही. पण कोर्सला पैसा पुरवणारी संस्था वेगळी होती. त्यांनी ठरवलं, लिहून दिलेला नियम मोडला, बाईंची परीक्षा बाद. सर खूप भांडले, मी स्वतः ऐकलंय. काही झालं नाही. पुढच्या वर्षीपासून शिकवणी सगळ्यांना लागू झाली, आणि बाई सर्टिफिकेट न घेता विमानात बसल्या.

हिवाळ्यात सरांनी मला बोलावून घेतलं. झांबियाचा तो नवा विभाग सुरू होतोय, त्यांना दोन वर्षांसाठी बाहेरचा सल्लागार हवाय. "मी तुझं नाव दिलंय. पीएच.डी.साठी डेटाही मिळेल तुला." सरांना वाटलं, मी उड्या मारेन. मला तर तिथेच रडू फुटलं. सर बिचारे टिश्यूचा डबा शोधत बसले.

कॉलिंग कार्ड आणून मी बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. म्हटलं, मी नाही म्हणणार आहे. तुमच्या जागेवर मी कशी बसू?

बाईंनी एवढंच विचारलं,

"तू नाही म्हटलंस तर जागा मला देणार आहेत का?"

"नाही."

"मग ये. परक्या माणसाला पहिल्यापासून सगळं शिकवत बसायची ताकद नाही माझ्यात. जूनमध्ये येशील ना? स्वेटर आण. तेव्हा इथे थंडी असते, तुम्हा लोकांना ते माहीतच नसतं. राहायचं मी बघते."

मी थँक्यू म्हणायला तोंड उघडलं.

"आणि हे बघ," बाई म्हणाल्या, "मी आनंदाने बोलावतेय, असं मात्र समजू नकोस."