हिरव्या मशीनची फिर्याद

गवत कापायचं ते हिरवं मशीन मी अजून विसरलेलो नाही. ठाण्याच्या आवारात, मुद्देमालाच्या गंजक्या सायकलींशेजारी ते उभं होतं आणि त्याच्यावर एका तरुणाचा अख्खा धंदा अडकला होता.

सत्तरच्या दशकाची अखेर असेल. मी नाशिकच्या एका ठाण्यात नवा फौजदार होतो. कॉलेजात आम्ही सायक्लोस्टाईल केलेली पत्रकं वाटायचो. फीवाढीविरुद्ध, रेशनच्या काळ्या बाजाराविरुद्ध. अंगावर वर्दी आली म्हणून ती खोड गेली नाही. अन्याय दिसला की मला आधी राग येतो, मग कलम आठवतं. आज निवृत्तीनंतरही तसंच आहे, वाचकांनी चालवून घ्यावं. नावं मात्र कोणाचीच देणार नाही.

फिर्याद घेऊन आला तो बागांची कामं करणारा ठेकेदार. सातपूरच्या कारखान्यांसमोरची हिरवळ, गंगापूर रोडवरच्या बंगल्यांच्या बागा, सगळीकडे त्याचीच माणसं. गोदामातलं लॉन मशीन चोरीला गेलं, असं त्याचं म्हणणं. संशय कोणावर, तर त्याच्याकडचं काम सोडून गेलेल्या एका तरुणावर. ठाणे अंमलदाराने फिर्याद नोंदवली, तपास माझ्याकडे आला.

ठेकेदार जिना उतरतो न उतरतो तोच एक माणूस आत आला आणि खबर देऊ लागला. मशीन अमुक वसाहतीत, शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे, वर गोणपाट टाकलंय, डाव्या दांडीला वेल्डिंग आहे. इतकी नीटस खबर मी तोवर ऐकली नव्हती. खरा खबऱ्या पुढच्या दाराने येत नाही. तो चहाच्या टपरीवर भेटतो, अर्धंच सांगतो आणि उरलेलं आपण काढून घ्यायचं असतं. हा तर पाठ करून आलेला. तरीही खबर आली की जावं लागतं. पंच घेतले आणि गेलो.

शेड त्या तरुणाचीच निघाली. मशीन होतं, गोणपाट होतं, वेल्डिंगही होतं. पंचनामा करून मशीन जप्त केलं. तरुणाचे वडील एका बंगल्यावर माळी होते. बौद्ध कुटुंब, दोन खोल्यांचं घर. आई दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "साहेब, हळू न्या ते. त्याने नुकतीच धार लावलीय."

ठाण्यात मी त्याला समोर बसवलं. वय पंचविशीच्या आत. इस्त्रीचा शर्ट. चौकशीला आलेली माणसं दोन तऱ्हेची असतात. एक पाय धरतात, दुसरी पुढाऱ्याचं नाव घेतात. हा त्यातलं काहीच करेना. हा चिडला होता.

"साहेब, चोरीच करायची असती तर शॉप ॲक्टचं लायसन कशाला काढलं असतं?"

"काढलंस?"

"नगरपालिकेत चार खेपा घालून. कारकून म्हणाला, गवत कापायला दुकान कशाला लागतं? मी म्हटलं, दुकान नाही, आस्थापना आहे. धंद्याच्या नावाने बँकेत वेगळं खातं उघडलं. पंप, पाइप आणि हिरवळ दाबायचा रूळ घेण्यासाठी कर्जाचा अर्ज केला, तो मंजूर झालाय. बंगलेवाल्यांकडून महिन्याच्या कामाचे करार लिहून घेतले. सातपूरच्या एका कारखान्याची निविदा भरली, अनामत रक्कम भरली. सगळं कायद्याने केलं. आणि चोर मीच?"

"मशीनचं बिल?"

इथे तो थांबला. मशीन त्याने देवळालीतल्या एका म्हाताऱ्या लष्करी अधिकाऱ्याकडून जुनं घेतलं होतं. त्यांच्या बागेत त्याने काम केलं होतं. घर मोडून ते मुलाकडे दक्षिणेत निघाले तेव्हा म्हणाले, घेऊन जा, कागद कसला मागतोस. त्यालाही मागायचा संकोच वाटला. जिथे परका कारकून होता तिथे त्याने शिक्का मारून घेतला. जिथे माया होती तिथे कागद मागितला नाही. म्हाताऱ्याचा नवा पत्ता त्याच्याकडे नव्हता.

बँकेला त्याने स्वतःचा हिस्सा म्हणून हेच मशीन दाखवलं होतं. ते चोरीचं ठरलं असतं तर कर्ज मिळालं नसतं, निविदा बाद झाली असती आणि धंदा सुरू होण्याआधीच बसला असता. जामीनदार होते त्याचे मामा, शाळामास्तर. ते संध्याकाळी ठाण्यात आले आणि बाकावर बसून राहिले.

मी म्हणालो, "गुरुजी, तुम्ही घरी जा."

"शाळेत सगळ्यांना सांगून बसलोय, भाचा धंदा काढतोय म्हणून," ते म्हणाले. "आता घरी जायचं म्हणजे शाळेवरूनच जायचं ना."

मोठ्या साहेबांना घाई होती. "माल मिळाला, माणूस मिळाला. अटक कधी दाखवतोस?" ठेकेदाराचं त्यांच्याकडे येणंजाणं होतं, असं मी म्हणत नाही. पण ठेकेदार आला की त्याला खुर्ची मिळायची आणि गुरुजींना बाक. एवढं मात्र मी पाहिलं.

मग मी एक साधी गोष्ट केली. ठेकेदाराला पुरवणी जबाबासाठी बोलावलं आणि विचारलं, "तुमच्याकडे मशीनचं बिल आहे?"

तो हसला. "फौजदारसाहेब, माझी मालमत्ता सगळ्या नाशकाला ठाऊक. मला बिल काय विचारता?"

म्हणजे त्याच्याकडेही नव्हतं. बघा आता. बिल दोघांकडेही नाही. एकाचं तोंड पुरेसं, दुसऱ्याला मात्र कागद हवा. असा कायदा कुठल्या पुस्तकात लिहिलाय? मी पुस्तक वाचलंय, त्यात नाही.

"मग मशीन तुमचंच, हे ओळखायचं कसं?"

"ओळखायचं काय त्यात? पाच-सहा दसरे माझ्या हाताने पुजलंय ते. आमच्याकडे दसऱ्याला कात्रीपासून मशीनपर्यंत एकूण एक हत्यार पुजलं जातं. तेलात कालवलेला शेंदूर मी स्वतः लावतो, त्याशिवाय हत्यार जागचं हलत नाही." आणि मग माझ्याकडे झुकून, सलगीने, "त्याच्या लोकांना काय त्याचं? ते देवधरम सोडून बसलेत. असल्याच्या हातात लक्ष्मी राहील होय?"

माझं रक्त तापलं. कॉलेजातला मी असतो तर तिथेच भांडलो असतो. पण वर्दीने एक शिकवलं होतं. माणूस बढाई मारू लागला की त्याला अडवायचं नाही, लिहून घ्यायचं. मी शांतपणे विचारलं, "मशीनला शेंदूर कुठे लावता?"

"दांडी जिथे बसते तिथल्या नटबोल्टांना, आणि पात्याच्या वरच्या आडव्या पट्टीला. दर वर्षी तिथेच."

शब्दन् शब्द उतरवला आणि खाली त्याची सही घेतली.

मग त्याच्यासमोरच तरुणाला आत बोलावलं. "दसऱ्याला मशीनची पूजा केलीस का रे?"

"नाही साहेब. त्या दिवशी आमच्याकडे धम्मदीक्षेची मिरवणूक असते. मशीनला मी फक्त तेल देतो."

"बघा," ठेकेदार म्हणाला. "तोंडानेच कबूल करतोय."

काय कबूल केलं ते त्याला कळलंच नाही. माझ्या हवालदाराला मात्र कळलं. तो सायखेड्याकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. बाहेर येऊन म्हणाला, "सायेब, तेलातला शेंदूर लोखंडाला लय धरतो. वरनं पुसला तरी खाचंत राहतो. आमच्या आज्याच्या नांगराला आजून हाय."

"मग चल, खोलून बघू."

आधी पंचांसह ठेकेदाराच्या गोदामात गेलो. कात्र्या, फवारणीचे पंप, लोखंडी रूळ. बढाई खरी होती. प्रत्येक हत्याराच्या खाचेत शेंदराचा केशरी थर बसलेला, काही ठिकाणी नखानेही निघेना. मग ठाण्याच्या आवारात सायकलवाला मिस्त्री बोलावला आणि ठेकेदारासमोर, पंचांसमोर मशीनचे नटबोल्ट काढायला लावले. पट्टी उतरवली. मास्तर बाकावरून उठून जवळ आले.

आत काळं ग्रीस, वाळलेलं गवत आणि कारखान्यात मारलेला मूळ हिरवा रंग. शेंदराचा कणही नाही. पाच-सहा दसऱ्यांपैकी एकाचाही नाही.

"घासून काढला असेल त्याने," ठेकेदार म्हणाला.

मिस्त्री वर न बघता म्हणाला, "घासला असता तर रंग राहिला असता का, शेठ?"

"मग ह्या वर्षी लावायचा राहिला असेल."

"आणि मागच्या?" मी विचारलं.

एवढं कोर्टात टिकलं असतं की नाही, मी सांगू शकत नाही. पण फिर्यादी गप्प झाला की तपास अर्धा संपतो. मी पुन्हा गोदाम गाठलं आणि तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराला चोरीबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, गेल्या दसऱ्याला लॉन मशीन कुठे मांडलं होतं?

"इथंच, रुळाच्या बाजूला," तो म्हणाला. "मंग दिवाळीनंतर शेठच्या मेव्हण्यानं नेलं ना मळ्यात. अजून तिकडंच हाय. का, काय झालं?"

त्याला बिचाऱ्याला फिर्यादीचा पत्ताच नव्हता. खोटं रचणारा माणूस मोठ्या माणसांना सांगून ठेवतो. राखणदाराला सांगायचं त्याच्या मनातही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायखेड्याच्या बाजूला त्या मळ्यावर गेलो. कांद्याच्या चाळीत, रिकाम्या गोण्यांखाली ठेकेदाराचं मशीन उभं होतं. नटबोल्टांवर, आडव्या पट्टीवर शेंदराचे थर. त्याने सांगितलं होतं तिथेच. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं आणि विडी पेटवली.

बाकी ठेकेदाराने स्वतःच सांगितलं. कारखान्याचं काम वर्षानुवर्षं त्याच्याकडे होतं, आणि या पोराची निविदा त्याच्यापेक्षा कमी असणार हे त्याला कळलं होतं. पुढच्या दाराने आलेला तो खबऱ्या त्याचाच मुकादम. गिऱ्हाईक बनून शेडमध्ये जाऊन मशीन बघून आला होता. "केस चालू राहिली असती तेवढे दिवस पुरे होते," तो म्हणाला. शिक्षा व्हावी अशी त्याची इच्छाच नव्हती. त्याला फक्त निविदेची तारीख हुकवायची होती. बघा, किती थोडक्यात माणूस बुडवता येतो.

मी 'ब' समरीचा अहवाल केला, म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. खोट्या फिर्यादीबद्दल ठेकेदारावर कारवाईही प्रस्तावित केली. मोठ्या साहेबांनी अहवाल दोनदा वाचला, चष्मा काढला आणि सही केली. त्यांच्याबद्दल मनात आलेलं बरंच काही मी त्या सहीबरोबर सोडून दिलं.

कोर्टाने मशीन तरुणाला परत द्यायचा हुकूम केला. निविदा उघडायला अजून अवधी होता. तो आला तेव्हा मामा बरोबर होते, आणि यावेळी मी मुद्दाम दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. हवालदाराने मशीन पुढे ढकललं. "घे रे, सांभाळ. लय गवत उगवलं असंल आठ दिवसांत." मास्तर हसले. त्या आठवड्यात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

तरुण मात्र जागचा हलला नाही.

"काय राहिलं?" मी विचारलं.

"कागद, साहेब. मशीन मला दिल्याचा. मशीनचं वर्णन आणि माझं नाव घालून."

मी कोर्टाच्या हुकुमाची नक्कल आणि ठाण्याची ताबा पावती, दोन्ही त्याच्यासमोर ठेवल्या. त्याने ओळन् ओळ वाचली. पावतीत वेल्डिंग उजव्या दांडीला लिहिलं होतं. त्याने ते दाखवलं, दुरुस्त करून घेतलं आणि शेजारी माझी सही मागितली.

या प्रकरणाने मला हेच शिकवलं. धंदा काढणाऱ्या पोरांना मी आजही सांगतो, लायसन काढा, वेगळं खातं उघडा, करार लिहून घ्या आणि ज्याच्यावर माया आहे त्याच्याकडूनही पावती घ्या. पण पोलिसांना आणखी एक सांगतो. गरिबाला बिल विचाराल तेव्हा खुर्चीवर बसलेल्यालाही विचारा. दोघांनाही, एकाच आवाजात.

पुढे गंगापूर रोडला त्याच्या धंद्याची पाटी लागली. एकदा सहज आत डोकावलो. भिंतीवर काचेच्या चौकटीत शॉप ॲक्टचं लायसन होतं आणि त्याच्या शेजारी माझ्या सहीची ताबा पावती. त्या मशीनचा त्याच्याकडे असलेला पहिला कागद. ठेकेदाराने फिर्याद दिली नसती तर तो त्याला कधीच मिळाला नसता.