ए ड्राइव्हमधलं गाऱ्हाणं

आमच्या घाटकोपरच्या घरात गणपती बसला, की आरतीआधी काका गाऱ्हाणं घालतात. गावच्या देवांना मानाच्या क्रमाने हाक मारायची, मग घरातल्या एकेकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी काहीतरी मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला आम्ही सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून घर दणाणून सोडायचं. क्रम चुकला तर देव रुसतो म्हणे. देवाआधी काका रुसतात, हे मी पाहिलेलं आहे.

गेल्या वर्षी मात्र आजारपणातून नुकतेच उठलेले काका तिसऱ्या देवानंतर अडले. खोकल्यासारखं केलं आणि पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून उठले. यंदा गणपतीला चार दिवस असताना चहाच्या वेळी ते मला म्हणाले, “औंदा गाऱ्हाणां तू घाल. माका आता जमाचा नाय.” बोलताना ते कपातच बघत होते. मला हो म्हणवेना. एक तर त्यांना असं बघवत नव्हतं, आणि मला तीन देवसुद्धा येत नव्हते.

मग आठवलं, की ते गाऱ्हाणं माझ्याकडे आहे. बारावीनंतरच्या सुट्टीत मी कॉम्प्युटरचा क्लास लावला होता, आणि क्लास लावलेल्या मुलाला जगातली प्रत्येक गोष्ट टाइप करायची असते. काकांना समोर बसवून मी त्या वेळच्या एका मराठी प्रोग्रॅममध्ये अख्खं गाऱ्हाणं उतरवलं आणि ‘आता हे कायमचं राहिलं’ असं चाळभर सांगत सुटलो. ती फाइल मी फ्लॉपीवरून सीडीवर आणि सीडीवरून पेनड्राइव्हवर इमानेइतबारे हलवत आलो होतो. उघडून मात्र एकदाही पाहिली नव्हती. आता उघडली, तर स्क्रीनभर प्रश्नचिन्हं आणि डोक्यावर टिंबं घेतलेली कुठली तरी परदेशी अक्षरं. बायको डोकावून म्हणाली, “हे म्हटलंस तर गणपती दीड दिवससुद्धा थांबायचा नाही.”

लेकीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. फाइल धडधाकट आहे, ती वाचणारा प्रोग्रॅम तेवढा जगातून गेलाय, असं निदान तिने केलं. तो प्रोग्रॅम ठेवलायस का, बाबा? ठेवला होता. कुठली फाइल कशाची, हे तेव्हा मला कळायचं नाही, म्हणून दर वेळी मी अख्खी फ्लॉपीच कॉपी करायचो. या सवयीवरून घरात मला वर्षानुवर्षं हसलेत. माझं अज्ञान असं कामी येण्याची ही पहिलीच वेळ.

तिने इम्युलेटर नावाचं काहीतरी उतरवून घेतलं. नव्या लॅपटॉपला तो जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घ्यायला लावतो, म्हणाली. मी जाणकारासारखी मान हलवली. खरं कळलं ते तरुणपणी दशावतारात लुगडं नेसून उभ्या राहिलेल्या काकांना. “म्हणजे आतून ह्योच, वरून दुसरो,” ते म्हणाले आणि खुर्ची पुढे घेऊन बसले.

काळी चौकट उघडली. प्रोग्रॅम सुरू झाला आणि म्हणाला, ए ड्राइव्हमध्ये फ्लॉपी घाला. मी ताबडतोब स्टूल घेऊन माळ्याकडे निघालो. स्टुलावर चढेपर्यंत लेकीने एक ओळ टाइप करून त्या फोल्डरलाच ए ड्राइव्ह ठरवून टाकलं होतं आणि प्रोग्रॅमने त्यावर विश्वास ठेवला होता. वळून पाहतो, तर काळ्यावर पांढरी, जराशी खडबडीत अक्षरं: बा देवा म्हाराजा.

काका चष्मा लावून वाचू लागले. पहिला देव, दुसरा, तिसरा. चौथ्याला थांबले. समोर लिहिलेलं असूनही अडले, आता काय करायचं?

“ह्या कोणी लिवलां? पावणाय आधी, चव्हाटो मागसून. तू उलटां घातलंस.”

पुढचे सगळे देव त्यांनी माझ्याकडे डोळे वटारून एका दमात म्हटले. स्क्रीनकडे बघितलंही नाही. इतकी सुखाची बोलणी मी आयुष्यात कधी खाल्ली नव्हती.

मग घरातली नावं आली, आणि माझ्या नावापुढे मी तेव्हा गुपचूप घुसडलेली एक ओळ: तिसऱ्या माळ्यावरच्या मुलीची नजर आमच्या दाराकडे वळू दे रे म्हाराजा. काकांनी तीही खणखणीत आवाजात वाचली.

“तेव्हा मी डोंबिवलीला राहायचे,” बायको म्हणाली.

लेक हसून हसून खुर्चीवरून घसरायच्या बेतात असताना काकांनी पुन्हा यादी वरपासून तपासली. “हिचां नाव खंय?” तिचा तेव्हा जन्मच झाला नव्हता. ते चालणार नाही, म्हणाले, आत्ता घाल. त्या प्रोग्रॅमचा कीबोर्ड निराळाच. कुठल्या बटणाला कुठलं अक्षर, हे माझ्या बोटांनाच काय ते आठवत होतं. मी बोट दाखवायचो, ती दाबायची. तीन अक्षरांच्या नावाला पंधरा मिनिटं लागली. ते नीट उमटलेलं पाहून काका उठले. “तुका सांगलंय तां इसर. औंदा मीच घालतलंय.”

गणपतीच्या दिवशी ते कागद न घेता उभे राहिले. पावणाई आधी, चव्हाटा मागून. शेवटी नातीवर आले आणि या चेडवाला चांगला नवरा मिळू दे, असं मालवणीत मागून बसले. आम्ही तोंड उघडणार, एवढ्यात ती म्हणाली, “आधी नोकरी, म्हाराजा.”

काकांनी सूर मोडला नाही. “आदी नोकरी दी रे म्हाराजा.”

आणि आम्ही सगळे ओरडलो, व्हय म्हाराजा.